मोजणारा मेहुणा

...नाही, मला सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर? त्या सरूच्या झाडांवर माझा राग नाही. माझ्या दुकानासमोर रांगेने उभी आहेत, वारा सुटला की पिवळी भुकटी उडवतात, झाडच ते, त्याला काय कळतंय? पण मेहुणा? बायकोचा सख्खा, पाठचा भाऊ? हवेत पराग किती, ते मोजायची नोकरी आहे त्याची. कचेरीच्या गच्चीवर यंत्र, यंत्रात चिकट काच, काचेला चिकटलेले कण हा भिंगाखाली मोजतो आणि रोज सकाळी रेडिओवर आकडा जातो. मला वर फोनवर सांगतो, 'पातळी कमी आहे दाजी, बिनधास्त उघडा दुकान.'

आता तुम्हाला सांगतो, मी न्हावी. हातात वस्तरा, समोर माणसाचा गळा, आणि शिंक काय सांगून येते? अकरा वाजेपर्यंत शिंकून शिंकून बेजार. बायकोला म्हटलं तर फणकारली, 'माझा भाऊ कशाला खोटं बोलेल? तुमचंच नाक जगावेगळं.' म्हटलं, असेल बुवा. पातळी कमी आहे ना!

मग आला बँकेचा वॉचमन. त्याच्या मिशा, अहो, वीस वर्षं मीच राखलेल्या. डावी बाजू कोरली, उजवीकडे वळलो आणि... आक्छी. अर्धी मिशी साफ. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, नुसता आरशात बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या दुकानात, त्याच्यामागे पेन्शनर मास्तर, मास्तरांमागे त्यांचे जावई. माझी खुर्ची रिकामी, आणि रेडिओवर काय? पातळी कमी आहे.

परवा डोकं फिरलं, तडक कचेरीत गेलो. शिपाई म्हणतो, 'साहेब रजेवर. वारा सुटला की नसतातच हो, त्यांना परागाचा त्रास आहे ना, गच्चीवर जाऊन काच बदलवत नाही. मग आम्ही आदल्या दिवसाचाच आकडा पाठवतो.'

म्हणजे बघा... पराग कमी, त्या दिवशी हा हजर. पराग वाढला की हा अंथरुणात. मग जास्तीचा आकडा येणार कुठून?

तसाच त्याच्या घरी गेलो भांडायला. डोळे लाल, नाकाचा टोमॅटो झालेला, डोक्यावर टॉवेल, पुढ्यात वाफेचं पातेलं. चांगले चार शब्द सुनवायचे ठरवले होते, एक निघाला, बाकीच्या शिंकाच. त्याने मुकाट्याने टॉवेलचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. काय करता, नातं आहे, शिरलो आत. वाफेत तोंड घालून विचारलं, 'आता तरी खरं सांग, आज किती असेल?'

तर म्हणतो, 'भरपूर असणार दाजी... पण मोजायला माणूस नाही.'