बोळा खिशात होता

नाही, कागदावर लिहून आणलेलं नाही. चार यत्ता शिकलेली बाई मी, वाचत बसले तर तुमचा चहा गार होईल. माननीय अध्यक्ष, वर बसलेली डॉक्टर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचाय त्या वॉर्डच्या सिस्टर, आणि समोरच्या सगळ्यांनो, नमस्कार. झालं एकदाचं.

मी शिलाईवाली. चाळीस वर्षं पायमशीन चालवून कंबरेचं वाटोळं झालं. गोळ्या झाल्या, शेक झाले, शेवटी मणक्याचं ऑपरेशन. कंबर थांबली दुखायची! पण दुसऱ्या दिवशी उभी राहिले तर डावं पाऊल वर उचलेना. मी सांगितलं कुणाला? कशाला सांगू? सांगितलं की मुक्काम वाढला. घरी साठ गणवेश बेतून पडलेले, शाळा आठ दिवसांवर. सून म्हणाली, "आई, चप्पल का निसटतेय?" म्हटलं, "चप्पलच भिकार."

मग ह्या सिस्टर आल्या, कापसाचा बोळा घेऊन.

"आजी, डोळे मिटा. बोळा लागला की सांगा."

अंगठ्यापाशी मला काही कळेना. आपलं अंदाजानं म्हटलं, "लागला."

"आता?"

"लागला."

"आता?"

"लागला गं बाई, किती वेळा!"

"डोळे उघडा. बोळा माझ्या खिशात आहे."

सून फिसकन हसली. ह्या नाही हसल्या. "पाऊल वर करा." करू कुठून?

"अहो, जाईल आपोआप," मी म्हटलं.

"हो, पायच जाईल."

फोनवर अशा कडाडल्या की डॉक्टर जेवण टाकून आले. आत रक्त साकळून नसेवर दाब आला होता. असं होऊ शकतं हे त्यांनी ऑपरेशनआधी सांगितलंही होतं, मीच न ऐकता सही ठोकली होती. दुपारीच टाके उघडले. संध्याकाळ झाली असती तर पायाची हमी नव्हती, म्हणाले.

सहा महिने पावलाला पट्टा बांधून चालले. अंगठा अजून बधिर आहे. असू दे, बाकीची बोटं काय शोभेला आहेत? मशीन चालते. गणवेश सुनेनं शिवले, खिसे वाकडे. कुणी मेलं नाही.

सिस्टर, मला खोटारडी ठरवणाऱ्याच्या मागे मी कात्री घेऊन धावले असते. तुम्ही ठरवलंत, म्हणून आज धावता तरी येतंय. फार उपकार झाले.

मंडळी, वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. आणि "अजून दोन शब्द" म्हणू नका. नाही बोलणार.