दप्तरखान्यातली पांढरी गोळी

ऐका गं, अजून डोकं तापलंय माझं. सासऱ्यांच्या शाळेचा जुना दाखला शोधायला कल्याणच्या एका दप्तरखान्यात गेलेले, कडेवर दीड वर्षांची पोर. तिथल्या साहेबांनी कपाट उघडलं तर कागदांमध्ये डांबरगोळ्या. पोरीने पेपरमिंट समजून एक उचलली नि थेट तोंडात! मी बोट घालून बाहेर काढली.

"अहो, विष आहे हे!"

साहेब म्हणाले, "जुने कागद असेच टिकतात."

तिथल्या मॅडम बोलल्या, "सर, देशभरच्या दप्तरखान्यांची संघटना आहे ना! सभासद झालो तर गोळ्यांशिवाय कागद कसे सांभाळायचे ते शिकवतील."

"नको. येऊन आमच्या चुका दाखवत बसतील."

मी म्हटलं, "मग कोणी दाखवायच्या? माझ्या पोरीने, चाटून?"