शी झाल्याशिवाय बिल नाही

आजच्या समारंभाचे आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान विश्वस्त मंडळी, ज्यांना निवृत्तीचा निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे सर्जन सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि आपली ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात मारून इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी बालशस्त्रक्रिया वॉर्डची मुख्य सिस्टर. वॉर्डात माझा आवाज लिफ्टपर्यंत जातो. इथे तर माइक दिलाय, तेव्हा कानांची काळजी ज्याची त्याने घ्यावी. दोन शब्द बोला म्हणालेत. बघू कसं जमतं ते.

सर गोड स्वभावाचे आहेत असं मघाशी कुणीतरी म्हणालं, तेव्हा आमच्या रांगेत हसू फुटलं, त्याबद्दल माफी असावी. सर आणि गोड? अहो, सलाइनची पट्टी जरा तिरकी लागली तर सर अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचे! मी स्वतः स्टोअररूममध्ये जाऊन रडलेली आहे.

आमच्याकडची बाळं कशी असतात? कुणाची अन्ननलिका मध्येच बंद, कुणाचं आतडं पोटाबाहेर, कुणाला शीची वाटच नाही. जन्माला येतानाच अशी आलेली. लोकांना वाटतं, ऑपरेशन महाग असतं. ऑपरेशन काही तासांत उरकतं हो. खर्च असतो तो पुढच्या मुक्कामाचा. काचेची पेटी, श्वासाचं मशीन, शिरेतून थेंबथेंब जाणारं अन्न. बाळ दूध पचवायला लागेपर्यंत मीटर चालूच. आणि ते कधी पचवेल, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

म्हणून सरांचा एक नियम होता. या सजवलेल्या सभागृहात उच्चारायला संकोच वाटतो, पण उच्चारते. शी झाल्याशिवाय बिल नाही. ऑपरेशननंतर बाळाला शी झाली, म्हणजे आतडं कामाला लागलं. तो लंगोट आम्ही सरांना दाखवायला ठेवायचो. सर बघायचे आणि स्वतः बिलिंगला फोन करायचे, "झाली! आता पाठवा तुमचा कागद." मग सगळ्या वॉर्डाला चहा. घाणेरड्या लंगोटापायी चहा पाजणारा दुसरा माणूस पाहिलाय कुणी? तोवर आईबापांसमोर पैशाचा विषय काढायचा नाही. बाळ वाचतंय असं दिसलं की बाप जग पालथं घालतो. त्याआधी आकडा दिसला की त्याची नजर दाराकडे जाते. मधला भार कसा उचलायचा ते सर बघायचे. कुणाकुणाच्या दारात उभे राहायचे, ते वहिनींना विचारा.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत, माझं लक्ष आहे. आटोपतेच.

आता नवी व्यवस्था आली. आधी अनामत, मग थिएटर, आणि रोज संध्याकाळी बिल बापाच्या मोबाइलवर. गेल्या महिन्यात एका खाटेवर तिची चाचणी घेतली. त्या खाटेवरच्या बाळाला शीची वाट नव्हती. पोटावर तात्पुरती वाट काढून दिली होती, पुढची ऑपरेशनं बाकी होती. बाप रंगारी. मोबाइल वाजला, त्याने आकडा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. मग पिशवी भरायला घेतली. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली. मी त्या पोरीला, म्हणजे बाळाच्या आईला, पोटावरची जागा कशी धुवायची ते दाखवत होते. ती नुसती मान हलवत होती. नंतर मी फोन केला, लागला नाही. अजून रोज करते. लागत नाही.

आज सकाळी आमच्याकडे एक मुलगी आली आहे. कालच जन्मलेली. तिची अन्ननलिका जोडलेलीच नाही. स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही तिला. तोंडाला फेस येतो, तो आम्ही नळीने ओढून काढतो. नाही काढला तर छातीत उतरतो. थिएटर तयार आहे, भूलतज्ज्ञ तयार आहेत. अनामत भरलेली नाही म्हणून परवानगी अडली आहे, आणि हे ऑपरेशन करणारे हात इथे पुष्पगुच्छ धरून बसले आहेत. सर, मला खुणा करू नका. आज मी तुमचंही ऐकणार नाही.

तिचा बाप बेकरीत कामाला आहे. दुपारी त्याच्या मोबाइलवर अनामतीचा आकडा आला. मी इथे यायला निघाले तेव्हा त्याने मला अडवून विचारलं, "सिस्टर, घरी नेलं तर दोन दिवस तरी राहील ना ती? तिच्या आजीला बघायचंय." एवढी वर्षं या नोकरीत काढली, तरी भीती वाटते हो मला. मी वर वॉर्डात जाईन तेव्हा ती पेटी रिकामी असेल, अशी भीती वाटते.

अध्यक्ष महोदय, आज रात्रीपर्यंत सर या वॉर्डचे प्रमुख आहेत. आपल्या एका शब्दाचं काम आहे. तो पुष्पगुच्छ वहिनींकडे द्या आणि सरांना वर जाऊ द्या.

आपण सचिवांच्या कानात काय बोलता आहात, ते मला ऐकू येत नाही. सभागृहालाही येत नसावं.

बोलण्याच्या भरात पायरी सुटली असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. मी जागेवर जाऊन बसत नाही, इथेच उभी आहे. हा घ्या माइक, अध्यक्ष महोदय. बोला.