मांडीवरचा डबा

नाताळाच्या आदल्या दिवशी कोल्हापूर स्टेशनात माझ्या पाठीमागच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत बसल्या होत्या. एक म्हातारी मुसलमान बाई; दुसरी तरुण, मांडीवर पितळी डबा धरलेली.

"खाली ठेव की गं. कोण पळवतंय?"

"करंज्या हायत, चाची, मोडतील. उद्या आमचा नाताळ."

"मिशनातली व्हय तू?"

"व्हय. प्लेगात नवरा गेला, तवापासनं."

"आन करंज्या कुणाला?"

"हातकणंगल्याला, आईला. दर साली न्हेते."

"खाती?"

"उंबऱ्याच्या आत घेत न्हाई, खाती कुठली! डबा गोठ्यात ठिवायचा आन मागं फिरायचं. मग भाऊ तसाच भरलेला परत आणून देतो."

"मग तळतीस कशाला एवढं?"

"आमचा देवबी गोठ्यातच जल्मला, चाची. त्येच्या आईलाबी कुणी घरात घेतलं न्हाई."

"आन दर साली डबा तसाच परत?"

"पर गेल्या साली डबा हलका लागला."

"गुरांना घातल्या असतील."

"मलाबी तसंच वाटलं. झाकण काढलं, तर डबा लख्ख घासलेला, आन तळाला साखर."

"शेजारणीचं भांडं रिकामं धाडू नये म्हणून घालतात, तशी?"

"व्हय. चिमूटभर."

"गाडी आली बघ. आण तो डबा हिकडं, मी धरते. चढताना मोडतील."