मेधाने निवडलेली निळी बाइक

अरे, स्नो बाइकचं खूळ माझं होतं, मेधाचं नाही. मातीत पळवायच्या डर्ट बाइकला पुढे चाकाऐवजी स्की आणि मागे रबरी पट्टा लावला की ती बर्फावर पळते. इथल्या, अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या बर्फाला अकरा वर्षं वैतागलेली माझी बायको खरं तर नाही म्हणायलाच त्या जुन्या बाइक विकणाऱ्याकडे माझ्यासोबत आली होती. मी मोठ्या इंजिनची बाइक बघत होतो, तेवढ्यात ती एका जुन्या निळ्या बाइकवर बसली आणि तिने डोळे मिटले.

"मेधा, उतर. इंजिन सुरू करून बघू."

"थांब ना," ती हळूच म्हणाली, "आत्ता झाडांमधून चाललेय. किती शांत आहे रे इथे!"

विकणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकनाने काढलेली किल्ली परत खिशात टाकली.

आम्ही निळीच घेतली. तिच्यावर जागा एकाचीच. आता बर्फ पडला की मेधा रानात जाते आणि मी घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ करत तिची वाट बघतो.