भिंतीपलीकडचं नेट

वैष्णवी : गेलं परत. आत्ता एक दांडी आली होती, तीपण गेली.

कडूबाई : बंद करून चालू कर की. आपला टीव्ही थापड मारली की येतोय.

वैष्णवी : केलं, आजी. वायफायचं नाव काढून टाकलं, पासवर्ड नव्यानं टाकला. पासवर्ड घेतोय, पण पुढं नुसतं चाक फिरत बसलंय.

कडूबाई : मग मशीनच खराब हाय. भूमच्या त्या दुकानदारानं जुनं तुझ्या गळ्यात मारलं. म्या तवाच म्हणत व्हते.

वैष्णवी : लॅपटॉप नीट आहे. माझ्या फोनवरपण तसंच होतंय. अकराला पुण्याच्या मॅडम मुलाखतीला समोर येणार. मी काय, अडकलेलं तोंड दाखवू त्यांना?

कडूबाई : फोनच्या नेटवर कर मग.

वैष्णवी : बघितलं करून. घरात रेंज येत नाही, आवाज तुटतो.

कडूबाई : तर घे उचलून अन् पारावर जाऊन बस.

वैष्णवी : बॅटरी मेलीय. वायर काढली की हा बंद.

कडूबाई : एवढं शिकून सगळ्याला न्हायच. इकडं ये, ह्या भिंतीकडं आण बरं.

वैष्णवी : थांबा... आल्या. दोन दांड्या आल्या. आजी, पलीकडच्या धाकल्या आजींनी वायफायचा डबा हलवलाय का? मधल्या खिडकीत असायचा, हिरवा दिवा इथनं दिसायचा.

कडूबाई : मला काय ठावं? त्या घराकडं बघत न्हाय म्या.

वैष्णवी : खिडकी पण लावून घेतलीय त्यांनी.

कडूबाई : हळदीच्या दुसऱ्या दिवसापासनं लावलीय.

वैष्णवी : बघत नाही म्हणता, अन् दिवस पाठ आहे.

कडूबाई : तोंड लई चालतंय तुझं. तिच्या रणधीरच्या हळदीत पहिला हात थोरल्या जावेचा. सासूबाईनं दिलेला मान हाय माझा. हिनं आपल्या बहिणीला पुढं केलं. म्या मांडवातनं उठले. जाता जाता म्हणलं, आजपासनं तुझ्या घरातलं कायबी आमच्याकडं येऊ देऊ नको.

वैष्णवी : आणि त्यांनी डबा आत नेला.

कडूबाई : जन्मात माझं ऐकलं न्हाय. नेमकं एवढंच ऐकलं.

वैष्णवी : मी जाऊन सांगते त्यांना.

कडूबाई : तू उंबरा ओलांडायचा न्हाय. अबोला माझा हाय.

वैष्णवी : अबोला तुमचा, आणि नोकरी माझी. ही हुकली तर वाशीच्या स्थळाला होकार द्यायचा, असं तुम्हीच बाबांना सांगितलंय. मी काय करू सांगा. इथं भिंतीला कान लावून बसू?

कडूबाई : सरक तिकडं.

(कडूबाई उठून मधल्या खिडकीवर थाप मारते.)

कडूबाई : सत्यभामा. ए सत्यभामा.

सत्यभामा : कोण हाय? आक्का?

कडूबाई : ह्या भिंतीला दुसरं कोण हाय? नेटचा डबा कुठं ठेवलास?

सत्यभामा : आतल्या खोलीत, लोखंडी कपाटामागं. तुमीच म्हणला व्हता, आमच्यातलं कायबी तिकडं नको.

कडूबाई : म्हणलं व्हतं. पोरीची मुलाखत हाय आत्ता. खिडकीत आण.

सत्यभामा : आवं, मग कालच सांगायचं की. तुमचं माझं वाकडं, लेकराचं काय? थांबा, तार अडकलीय कपाटाच्या पायाला.

वैष्णवी : धाकल्या आजी, ओढू नका, तुटेल. हळू सोडवा. ठेवलात? आता मागचं बटण दाबा.

सत्यभामा : दाबलं. लाल झालंय गं.

वैष्णवी : होऊ द्या. हात नका लावू.

कडूबाई : आलं का?

वैष्णवी : नाही.

कडूबाई : आता?

वैष्णवी : आजी, दर घडीला विचारून ते लवकर येत नाही... आलं. सगळ्या दांड्या आल्या.

सत्यभामा : आक्का, त्या हळदीचं सांगायचं व्हतं. मी तुमालाच बघत व्हते मांडवात, तोवर बहिणीनं माझ्या हातातली वाटीच—

कडूबाई : गप. बाई आली पडद्यावर.

वैष्णवी : गुड मॉर्निंग, मॅडम. हो, येतोय आवाज, स्पष्ट येतोय.

सत्यभामा : खिडकी लावून घेऊ का?

कडूबाई : राहू दे उघडी. पोरीचं होईस्तोर गप बसू. मग बोलू.