काडीपाशी थांबलेलं बोट

मी लोह्याजवळच्या खेड्यातली. पोरपनी गोवर निघाला आन डोळे घेऊन गेला, बाकी सगळं ठेवलं, तोंड तर लईच ठेवलं, असं माय म्हनायची. नांदेडला आंधळ्यांच्या शाळेत टिपक्यांचं वाचन शिकले, तितूनच लातूरला ब्रेलच्या छापखान्यात लागले. आता केस पांढरे झाले म्हनतात, मला कुठं दिसतंय, पन काम तेच हाय.

काम काय, तर तपासायचं. डोळस मानूस मूळ पुस्तक मोठ्यानं वाचनार आन मी टिपक्यांच्या पानावर बोट फिरवत चुका धरनार. वाचायला अक्का होती. उदगीरकडची, किरानावाल्या घरची, जिभेवर साखर न्हाई पन मनानं लई चांगली. पयल्याच दिवशी म्हनली, मी सावकाश वाचनार न्हाई हं, बोट पळवायचं. मी म्हनलं, अक्का, तुमी वाचा तर, माझं बोट पुढं जाऊन बसंल.

आता काय सांगू तुमाला, डोळसांच्या पुस्तकात ओळीच्या शेवटाला शब्द मावला न्हाई की तोडतात, आडवी काडी देतात आन उरलेला शब्द खाली घेतात. आमची ओळ दुसरीकडंच संपती. टाइप करनारा काडी दिसली की तशीच ठोकतो, मंग ती आमच्या ओळीच्या मधीच येती. शाळेतलं लेकरू वाचतं, लातू, मंग काडी, मंग र. बोट अडखळतं, लेकराला वाटतं आपलंच चुकलं. ती काडी काढायची. पन माय-लेकरं, सुख-दुःख असल्या जोडशब्दाची काडी त्याची सोताची, ती ठेवायची. दर बारीला काडी ठेव, काडी काढ म्हनत बसलं तर वाचनं तुटतं. म्हनून अक्कानं रीत काढली. ठेवायची काडी आली की टेबलावर नखानं दोनदा टकटक. काडीपाशी माझं बोट थांबायचं, टकटक झाली की पुढं. उमर गेली अशी. जेवायच्या सुट्टीत तिच्या तोंडात घास असला तर माझ्या डब्यावर टकटक करायची, खा म्हनून.

मंग अक्काला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. लेकानं पुन्याला नेलं. आता मला कंपूटर वाचून दाखवतो, चुकत न्हाई, पन त्याच्याशी भांडता येत न्हाई. काडी आली की बोट आजूनबी थांबतं, कंपूटर पुढं निघून जातो. एकलं वाटतं हो, लपवून काय करू. भाऊ म्हनतो, लोह्याला ये, कोनासाठी थांबून राहिली तिथं.

ऐतवारी अक्काला फोन लावते. सून चांगली हाय, कानाला धरती, पन म्हनती, मावशी, त्यांना मानसं वळखू येत न्हाईत, तुमी उगं बेजार होता. अक्का मला इसरली असंल, ह्याच एका गोष्टीचा मला घोर. मागच्या ऐतवारी बोलायला काई सुचंना. मांडीवर छापखान्यातलं पान होतं, म्हनलं चला अक्का, आज मी वाचते, तुमी ऐका. वाचत गेले, वाचत गेले. ओळीच्या शेवटाला आलं, उन्हाला बसलेली माय, आन मंग काडी. सवयीनं बोट थांबलं, मीबी थांबले.

मंग तिकून टक. टक.

सून म्हनली, मावशी, त्या फोनवर नख आपटून राहिल्यात, दमल्या वाटतं, ठेवते. मी हाव म्हनले. मला रडू आलतं, तिला काय सांगनार. फोन बंद झाल्यावर खालच्या ओळीवरचं लेकरं मोठ्यानं वाचलं, ऐकायला खोलीत कोनी नव्हतं तरी. भावाला कळवलं, येत न्हाई, ऐतवारी वाचायला पानं लागतात, ती हितंच हायत. देवाला बाकी काई मागत न्हाई, अक्काचा तेवढा डावा हात ऱ्हाऊ दे म्हनते.